नाकाला चप्पल न लावणारं गाव

बदलीची नोटीस लागली त्या दिवशी मी आधी रिकाम्या जागा पाहिल्या आणि मग चहा घेतला. सोलापूर शहरातली माझी वर्षं भरली होती. आता तालुक्याला जायचं हे ठरलेलंच होतं. प्रश्न फक्त कुठल्या, एवढाच. माझ्या पदाच्या, म्हणजे स्टाफ नर्सच्या, तीन जागा आमच्या सोयीच्या होत्या: श्रीपूर, माळशिरस आणि मंगळवेढा. समुपदेशनाच्या दिवशी त्या पसंतीक्रमाने सांगायच्या होत्या. बरोबरीच्या सिस्टरांनी फोनवर चौकशी करून गावं ठरवली. मी तिन्ही गावं डोळ्यांनी पाहायची ठरवली, आणि सगळ्यांना घेऊन. सगळे म्हणजे आम्ही तिघं. मी, आमचे हे आणि नववीतली मुलगी.

ह्यांचं मोटार रिवाइंडिंगचं काम. विहिरीवरच्या मोटारी जळायच्या थांबत नाहीत, त्यामुळे ह्यांना कुठलंही गाव चालतं. मला मात्र चालत नाही. मी वहीच्या एका पानावर लिहून घेतलं: पाणी किती दिवसांआड, गटार उघडं की झाकलेलं, शाळा, एसटी, ह्यांच्या दुकानाला जागा. सहावा प्रश्न लिहिला नाही, कारण तो लिहायला लागले की माझा हात थांबायचा. आमच्या मुलीला भर रस्त्यात फिट आली, तर या गावातले लोक तिच्या तोंडाशी काय नेतील?

मुलीला सातवीपासून फिट येतात. गोळ्या सकाळ-संध्याकाळ चालू आहेत, आणि त्या लागूही पडल्या आहेत. वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळी पडते, अंग ताठ होतं, झटके येतात, थोड्या वेळाने आपोआप थांबतं. मग डोकं धरून झोपते आणि दुसऱ्या दिवशी दप्तर घेऊन शाळेत जाते. त्या आजाराची मला भीती वाटत नाही. असे पेशंट मी नोकरीभर पाहिलेत. भीती वाटते ती आजूबाजूला जमणाऱ्यांची.

मागच्या वर्षी सोलापुरातल्या गड्ड्याच्या जत्रेत आम्ही गेलो होतो. मी बांगड्यांच्या दुकानाशी थांबले, हे दोघं पुढे पाळण्याकडे गेले. ह्यांना तिकिटाच्या रांगेत उभं करून ती बाजूला थांबली आणि तिथेच पडली. मी पोचले तेव्हा माणसांचं रिंगण झालं होतं. आत एक माणूस गुडघ्यावर बसून स्वतःच्या पायातली कातडी वहाण तिच्या नाकातोंडावर दाबत होता. त्या वहाणेने दिवसभर गड्डा तुडवला होता. उसाचं चिपाड, बैलाचं शेण, पानाच्या पिचकाऱ्या, सगळं तिच्या तळाला होतं, आणि ते माझ्या मुलीच्या ओठांवर होतं. दुसरा एक जण किल्लीने तिचे दात उघडायला बघत होता. त्यात पुढच्या दाताचा टवका उडाला. मी दोघांना बाजूला ढकललं, तिला कुशीवर वळवलं, आणि फिट तशीही संपतच आली होती. वहाणवाला उठला, वहाण पायात घातली आणि म्हणाला, “नशीब माझी कातडी होती बाई. बाकी समद्यांच्या पायात रबरीच.”

तो आभाराची वाट बघत उभा होता.

घरी आल्यावर मी तिचं तोंड धुतलं, पुन्हा धुतलं, मिठाच्या पाण्याने चूळ भरायला लावली. तरी ती उशीवर डोकं टेकवून म्हणाली, “आई, कसला तरी वास येतोय गं अजून.” मला तिथेच शिसारी आली, आणि ती अजून गेलेली नाही.

हे अडाणी लोक करतात असं कुणी म्हणेल. कामावर असताना मी पाहिलंय, फिटचा पेशंट घेऊन येणाऱ्या नातेवाइकांत एकाच्या हातात चप्पल असतेच. त्यात शिक्षक असतात, वकील असतात. फिट बहुतेक वेळा आपली आपण थांबते. ती थांबताना ज्याच्या हातात जे असेल त्याला श्रेय जातं. कांदा असला तर कांद्याला, चप्पल असली तर चप्पलेला. माझ्याच बरोबरीची एक सिस्टर, माझ्यासारखाच गणवेश घालणारी, मला म्हणाली की लोक जीव तुटतो म्हणून करतात, आणि नाकाला चप्पल लावून कुणी मेलंय का. मी डबा बंद केला. तिच्यासमोर बसून जेवणं मला जमेना.

तर गाव निवडताना मला हेच बघायचं होतं. ह्यांना मी स्पष्ट सांगितलं. हे म्हणाले, “सगळीकडे तेच असणार.” मी म्हटलं, असेल, पण बघू तर.

आधी श्रीपूर. हंगाम चालू होता. उसाच्या ट्रॅक्टरांमागे आमची जुनी व्हॅन रांगत पोचली. कारखान्याच्या मळीचा वास गावाच्या बाहेरूनच सुरू झाला. क्वार्टर मात्र सुरेख होतं: फरशी, स्वतंत्र नळ, संडास स्वच्छ, मागे पेरूचं झाड. ह्यांनी लगेच कारखान्याच्या रस्त्यावर गाळा बघून घेतला. माझे पाचही प्रश्न सुटले होते. शेजारच्या क्वार्टरमधली बाई चहा घेऊन आली. बोलकी, टापटीप, हसरी. मी आडून विचारलं की इथं लहान मुलांना फिट-बीट आली तर काय करतात. मुलगी बाहेर पेरू बघत होती.

बाई म्हणाली की असतंय एखाद्याला, त्यांच्या मागच्या गल्लीतल्या एका पोरीला होतं. चप्पल तर लावायचेच, पण त्याने थांबेना म्हणून एका ठिकाणी नेऊन कपाळावर डाग दिला. आता ठीक आहे. लग्नसुद्धा झालं. मग आवाज खाली आणून विचारलं, “तुमच्या पोरीला हाय का?”

मी हो म्हटलं. ती कपबशी घेऊन उठली, मला धीर दिला, कुणाला बोलणार नाही असं दोनदा म्हणाली. आम्ही व्हॅनमध्ये बसेपर्यंत क्वार्टरांच्या रांगेत तीन दारांत तीन बायका उभ्या होत्या आणि तिघी मुलीच्या कपाळाकडे बघत होत्या. मुलीने काच वर केली.

मळीचा वास आम्ही वेळापूरच्या पुढे येईपर्यंत व्हॅनमध्ये होता.

माळशिरसला मी आधी शाळेत जायचं ठरवलं. तालुक्याचं गाव, दोन-तीन चांगल्या शाळा. त्यातल्या एका खासगी शाळेची लोकांनी शिफारस केली होती. मुख्याध्यापक चाळिशीचे, इस्त्रीचा शर्ट, टेबलावर काच, काचेखाली वेळापत्रक. माझ्यासारखाच नीटनेटका माणूस. मला बरं वाटलं. मी आडून काही विचारलं नाही, सरळ सांगितलं. मुलगी माझ्या शेजारीच बसली होती, पण ते सगळं माझ्याशीच बोलत होते.

काही हरकत नाही म्हणाले. प्रवेश अर्जात मात्र लिहू नका, पालक ओरडतात. तिला दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसवू, म्हणजे काही झालं तर पटकन बाहेर नेता येईल. मैदानावर नको. सहलीला नको. गॅदरिंगमध्ये स्टेजवर तर नकोच, मोठे दिवे असतात. प्रत्येक ‘नको’ला ते माझ्याकडे बघून समजुतीने मान हलवत होते. आणि मग म्हणाले, “आमची पूर्वतयारी आहे, सिस्टर.”

त्यांनी प्रथमोपचाराची पेटी मागवली. पांढरी पेटी, लाल क्रॉस, आत कापूस, पट्ट्या, आयोडीन, सगळं मुदतीतलं. मी तेवढ्यात तपासून घेतलं. तळाशी एक प्लॅस्टिकची पिशवी होती, तोंडाला रबरबँड लावलेली. त्यांनी ती उघडून माझ्यापुढे धरली. आत कातड्याचा एक तुकडा होता, जुन्या चप्पलेच्या तळातून कापलेला. टाचेच्या खिळ्याचं भोक तसंच होतं.

“धुऊन ठेवलेला आहे,” ते म्हणाले. “आपण कुणाच्या पायातली चप्पल मुलांना लावत नाही. ते अनहायजेनिक.”

मी नोकरीत पू काढलाय, किडे पडलेल्या जखमा साफ केल्यात, रक्ताने भरलेल्या फरशीवरून चालत गेले आहे. कधी मळमळलं नाही. त्या पिशवीकडे बघून मळमळलं. त्या माणसाने घाणीचा विचार केला होता, ती धुतली होती, पिशवीत घातली होती आणि पेटीत तिची जागा ठरवली होती. मी करते तशीच सगळी व्यवस्था. मी त्यांना समजावलं. नाकाला काही लावायचं नाही, तोंडात काही घालायचं नाही, कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काही ठेवायचं, पाच मिनिटांत थांबलं नाही तर गाडी बोलवायची. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि पिशवीला रबरबँड लावून ती पेटीत परत ठेवली.

“तुमचं शास्त्र बरोबर आहे,” ते म्हणाले. “पण अनुभव म्हणून एक असतोच ना.”

बाहेर आल्यावर हे चहाच्या टपरीशी उभे होते. मुलगी म्हणाली, “पप्पा, तिथं माझ्यासाठी चप्पल धुऊन ठेवलीय.” आणि ती हसली. मला ते हसू बघवलं नाही.

मंगळवेढ्याला जायचा माझा उत्साह संपला होता. श्रीपूरचं क्वार्टर घ्यावं आणि मुलीला शेजाऱ्यांपासून जपावं, असं मनात धरूनच मी गेले. तिथे क्वार्टर नव्हतं, भाड्याची जागा बघायची होती. ह्यांच्या एका गिऱ्हाइकाने ज्वारीच्या आडतवाल्या बाईंचं घर सुचवलं होतं. नवरा वारला, मुलगे पुण्याला, बाई एकट्याच आडत बघतात. वयाने साठीच्या पुढच्या. सगळे त्यांना अक्का म्हणत होते, आम्हीही म्हणू लागलो.

घर बघून मी कपाळाला हात लावला. खाली पोत्यांचं गोदाम, सगळीकडे धान्याची धूळ. पाणी तीन दिवसांआड, आणि टाकीचं झाकण म्हणून पत्र्यावर दगड. वर जायचा जिना बाहेरून होता, आणि त्या जिन्याच्या प्रत्येक वळणावर काळपट ओघळ. अक्का मिश्री लावायच्या. बोट दातांवर फिरवत आमच्याशी बोलत होत्या, मध्येच मान वळवून जिन्याच्या कोपऱ्यात थुंकत होत्या, आणि पुन्हा त्याच बोटाने वरच्या खोल्या दाखवत होत्या. मी साडी आवरून पायऱ्यांच्या मधोमध पाय टाकत चढले.

भाड्याचं बोलायच्या आधीच त्यांनी चौकशा सुरू केल्या. कुठले, काय खाता, पोरगी एकच का, दुसरं का न्हाय. आतल्या गड्याशी कानडीत काहीतरी बोलल्या आणि त्यांचा हिशेब पुरा झाल्यासारख्या माझ्याकडे वळल्या. मला तिथून निघायचं होतं. म्हणून मी एकदाचं सांगून टाकलं की मुलीला फिट येतात. म्हटलं, नको म्हणतील, सुटका होईल.

“फेफरं?” अक्का म्हणाल्या. “मग चप्पल धरतो की आमी. लई जनांना धरलीय.”

मी ह्यांना ‘चला’ अशी खूण केली. पण अक्कांनी माझ्याकडे बघितलंच नाही. जिन्याच्या कठड्याला टेकून उभ्या असलेल्या मुलीला त्यांनी विचारलं, “काय गं पोरी, तुला चप्पल धरलेली कळती का?”

मुलगी दचकली. तिला हे कुणी विचारलं नव्हतं. मी पण नव्हतं.

“तेव्हा नाही कळत,” ती म्हणाली. “नंतर कळतं. वास येतो. दात पण तुटला.” तिने ओठ वर करून टवका दाखवला.

अक्का पुढे झाल्या, तो दात वाकून बघितला. मला वाटलं, आता त्या मिश्रीच्या बोटाने हात लावतात की काय. लावला नाही. “कुणी मेल्यानं क्येलं गं हे,” म्हणाल्या. “मग काय धरायचं?”

“काहीच नाही धरायचं.”

“मग नुसतं बगत बसायचं व्हय?”

“कुशीवर करायचं आणि बघत बसायचं. लोकांना लांब करायचं.”

“आन थांबलं न्हाय तर?”

“पाच मिनिटं बघायची. मग आईला फोन.”

अक्कांना हे पटलं असं चेहऱ्यावरून दिसत नव्हतं. नुसतं बसून राहणं त्यांना कामचुकारपणा वाटत असावा. त्यांनी मुलीला कूस कशी वळवायची ते विचारलं. तिने त्या धुळीत, ज्वारीच्या पोत्यावर आडवी होऊन दाखवलं. हात असा, गुडघा असा. अक्कांनी वाकून तिला एकदा स्वतः वळवून बघितलं, पोतं उचलायची सवय असलेल्या हातांनी. “हलकी हाय की,” म्हणाल्या, आणि कोपऱ्यात थुंकल्या.

परतताना व्हॅनमध्ये मी ठाम होते. माझ्या कागदावर श्रीपूर सगळ्यात वर होतं आणि मंगळवेढा सगळ्यात खाली. पाणी नाही, धूळ, टाकी उघडी, आणि तो जिना. फिटवाल्या मुलीला वर पोटाचा आजार नको होता. ह्यांनाही श्रीपूरचा गाळा आवडला होता. मुलगी मागच्या सीटवर मोटारींच्या तारांमध्ये पाय दुमडून बसली होती.

“मला मंगळवेढा,” ती म्हणाली.

मी कारणं सांगितली. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, “आई, तिकडं सगळे तुला विचारत होते माझ्याबद्दल. मी तिथंच होते. अक्कांनी मला विचारलं.”

“त्या बाईंचं बोट बघितलंस का तू?”

“बघितलं. घाण आहे.” तिने पायाशी आलेली तार बाजूला सारली. “पण ते त्यांच्याच तोंडात जातं.”

ह्यांना हसू आलं. मला आलं नाही. घरी येईपर्यंत मी तिच्याशी वाद घालत होते, आणि रात्री गाद्या घालताना माझ्या लक्षात आलं की मी एकटीच बोलतेय. तिचं ठरलं होतं.

समुपदेशनाच्या दिवशी मी मंगळवेढा पहिलं सांगितलं. माझ्या नोकरीच्या ज्येष्ठतेला श्रीपूर सहज मिळत होतं. समोरचे साहेब म्हणाले, “सिस्टर, श्रीपूरला क्वार्टर आहे. बघितलंय का तुम्ही?” बघितलंय म्हटलं. मागच्या रांगेतल्या सिस्टरला आनंद झाला. तिने श्रीपूर लगेच उचललं. मी तिचं अभिनंदन केलं.

सामान हलवलं त्या दिवशी मी पहिलं काम जिन्याचं केलं. ब्लीचिंग पावडर, काथ्या, गरम पाणी. वरून सुरुवात करून खालपर्यंत घासला. ओघळांचे थर निघता निघत नव्हते, कैक वर्षांचे असावेत. अक्का खाली पोत्यावर बसून बघत होत्या. “किती घासतीस गं बाई,” म्हणाल्या. टाकीला मी नवं झाकण आणलं, ते त्यांनी वाजवून बघितलं. मिश्री लावायची तर परसात लावा, असं मी त्यांना सांगितलं. घरमालकिणीला भाडेकरूने सांगायची ती गोष्ट नव्हे. त्या हसल्या, आणि दोन दिवस परसात गेल्या. तिसऱ्या दिवशी कोपरा पुन्हा काळा होता. मी पुन्हा घासला. हे असंच चालू राहिलं. त्या थुंकायच्या, मी धुवायचे. प्रत्येक वेळी मी श्रीपूरच्या फरशीचा विचार करायचे.

पुढे पाऊसकाळ सरता सरता मुलीला फिट आली. रविवार होता, मी घरीच होते, वर भांडी घासत. खाली गोदामासमोर गाड्यांतून पोती उतरत होती. धपकन आवाज झाला, आणि मग हमालांचा गलका. मी जिन्याच्या वरच्या टोकाला आले तेव्हा ती खाली अंगणात पडली होती, झटके सुरू झाले होते. तिच्याकडे धावणाऱ्या एका हमालाने धावता धावताच पायातली वहाण काढून हातात घेतली होती. मी वर होते. तो तिच्यापासून चार पावलांवर होता. मी ओरडले तर तो थांबणार नव्हता, हे मला गड्ड्यापासून माहीत होतं.

अक्का जिन्याच्या मधल्या वळणावर होत्या. तोंडात मिश्री, त्यामुळे बोलता येईना. त्यांनी माझ्या सकाळीच धुतलेल्या पायरीवर भरतोंडाने थुंकलं आणि असा आवाज लावला की समोरच्या दुकानातले लोक बाहेर आले.

“वहान खाली टाक. पोरीला वास येतोय त्येचा.”

हमालाने वहाण टाकली. त्याला आदेश कळला होता, कारण कळलेलं नव्हतं. अक्का पायऱ्या उतरून गेल्या, मुलीला कुशीवर वळवलं, स्वतःच्या पदराची घडी तिच्या डोक्याखाली सरकवली आणि हात वर करून सगळ्यांना मागे हटवलं. मी पोचेपर्यंत करण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी नाडी धरून बसले. फिट थांबली. मुलीने डोळे उघडले, मला बघितलं, आणि लगेच जिभेने ओठ चाटून बघितले. काही लागलं नाही. ती पुन्हा डोळे मिटून झोपली.

संध्याकाळी गल्लीतल्या बायका चौकशीला आल्या. मी चहा ठेवत होते, अक्का दारात बसून त्यांना सगळं समजावत होत्या. चप्पल धरायची न्हाय, कांदा न्हाय, किल्ली न्हाय. मला बरं वाटत होतं. तेवढ्यात त्या म्हणाल्या, “आन डाव्याच कुशीवर करायचं. उजव्या कुशीवर क्येलं तर पाप लागतंय.”

मी गॅस बारीक करून बाहेर आले. म्हटलं, अक्का, कूस कुठलीही चालते. पापबिप काही नसतं.

“तुमी तुमच्या दवाखान्यात कुठली बी करा,” त्या म्हणाल्या. “मला डावी बरी पडती.” आणि बोलता बोलता बोट दातांवर फिरवायला लागल्या.